मराठी भाषकांची शब्दनिर्मिती चाचणी आणि मेंदूचे मापन : अक्षर निवडण्यापासून आलेख वाचण्यापर्यंत

‘क’ने सुरू होणारे जितके शब्द आठवतील तितके एका मिनिटात सांगा, एवढीच ही चाचणी आहे. लागते ते एक घड्याळ आणि एक कागद. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी १९३८ च्या सुमारास बुद्धीच्या घटकांचा अभ्यास करताना ती लेखी स्वरूपात वापरली. माँट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले की, मेंदूच्या डाव्या पुढच्या खंडाचा भाग शस्त्रक्रियेने काढलेल्या रुग्णांची या चाचणीत घसरगुंडी होते. पुढे आर्थर बेंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे तिचे तोंडी रूप रुळले आणि इंग्रजीत एफ, ए, एस ही अक्षरे जणू तिचे नावच होऊन बसली. आज एफएमआरआय (चुंबकीय यंत्राने मेंदूतल्या रक्तप्रवाहातले बदल टिपणारी पद्धत) किंवा निअर इन्फ्रारेड पद्धतीची (तेच बदल प्रकाशाने टिपणारी) टोपी वापरणाऱ्या प्रयोगशाळांत, मेंदूचा पुढचा भाग कामाला लावायचा असेल तर बहुधा हीच चाचणी दिली जाते.

मानसशास्त्र, वाचा-भाषा उपचार किंवा चेताविज्ञान शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना मराठी भाषकांवर हा प्रयोग करायचा आहे आणि त्याचे निष्कर्ष अन्य भाषकांच्या निष्कर्षांशेजारी ठेवायचे आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट आरंभीच सांगतो. दोन भाषांच्या आलेखांत जो फरक दिसतो, त्याचा मोठा वाटा अक्षराची निवड, शब्दांची लांबी, शाळेची वर्षे आणि नियमांचा ढिलेपणा यांतून येतो. त्यामुळे प्रयोगाचे बहुतेक काम डोक्यावर टोपी चढवण्याच्या आधीच व्हायला हवे, आणि या लेखातही जास्त जागा त्यालाच दिली आहे.

पहिली पायरी : कोणती चाचणी, कशासाठी

चाचणीचे दोन प्रकार आहेत. अक्षर-चाचणीत ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द सांगायचे असतात, तर वर्ग-चाचणीत प्राणी, भाज्या, भांडी अशा एखाद्या वर्गातले. वर्ग-चाचणीत मेंदूला रोजच्याच वाटेने जायचे असते, कारण बाजारात भाजी आठवताना आपण हेच करत असतो. अक्षर-चाचणी मात्र ही सवय मोडायला लावते. अर्थाने जोडलेले शब्द बाजूला सारून केवळ आरंभीच्या ध्वनीवर शोध घ्यावा लागतो, आणि त्यासाठी डाव्या पुढच्या खंडाच्या खालच्या वळीवर, म्हणजे फ्रेंच डॉक्टर ब्रोका यांनी १८६१ मध्ये दाखवलेल्या परिसरावर, अधिक ताण येतो. पुढच्या खंडाला इजा झाली तर दोन्ही चाचण्यांत शब्द कमी पडतात. कानशिलाजवळच्या खंडाला इजा झाली तर वर्ग-चाचणी अधिक बिघडते, आणि अल्झायमरच्या रुग्णांतही साधारण हेच दिसते. म्हणून शक्यतो दोन्ही घ्याव्यात. एकाच व्यक्तीच्या दोन चाचण्यांमधला फरक हा दोन भाषांमधल्या थेट फरकापेक्षा कितीतरी भरवशाचा असतो.

दुसरी पायरी : अक्षर निवडणे

इथे घाई केली की पुढचे सगळे वाया जाते. एफ, ए, एस यांच्या जागी फ, अ, स ठेवून काम भागत नाही. मराठीत ‘फ’ने सुरू होणारे शब्द तुलनेने थोडे आहेत, आणि ‘अ’ने तर उलटीच अडचण होते : अशक्य, अयोग्य, अस्वच्छ, अपूर्ण असे करत कोणत्याही विशेषणाला ‘अ’ लावत बसले की मिनिट सहज भरते. शोध असा होतच नाही, एक यंत्र सुरू होते आणि चालत राहते. ‘प’चेही थोडे तसेच आहे. प्रकाश, प्रगती, प्रवास, प्रयत्न, प्रमाण ही उपसर्गांची रांग शाळेत संस्कृत घेतलेल्याला अलगद हाती लागते, न घेतलेल्याला तितकी नाही. ‘स’ला सु, सं आणि स आहेत. उपसर्गांचा असा आधार ‘क’, ‘म’, ‘ग’, ‘त’ यांना फारसा नाही, म्हणून माझा कल तिकडे आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीसंचामुळे भारतीय भाषांसाठी क, प, म ही त्रयी रूढ झाली आहे. जुन्या अभ्यासांशी तुलना करायची असेल तर तीच ठेवावी आणि ‘प्र’ची मोजणी वेगळी करावी.

काही अक्षरे आधीच बाद होतात. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत. ‘च’ आणि ‘ज’ यांना दोन-दोन उच्चार आहेत : चार म्हणताना जीभ टाळूकडे जाते आणि चारा म्हणताना दातांकडे, जात आणि दळणाचे जाते यांतही तोच भेद आहे. चाचणी देणाऱ्याने ‘च’चा जो उच्चार केला असेल त्यावर ऐकणाऱ्याचा शोध वळतो, आणि तुमच्या हातून नकळत दोन वेगळ्या चाचण्या घेतल्या जातात. ‘श’ आणि ‘ष’ कानाला सारखेच. ‘ज्ञान’ हा शब्द मराठी तोंडात ‘द’ने सुरू होतो, पण शिकलेला माणूस तो ‘द’च्या यादीत घेणार नाही. ‘क्षमा’ आणि ‘क्षेत्र’ यांचा आरंभ कानाला ‘क’ने होतो आणि वर्णमालेत मात्र ते शेवटी बसतात.

या शेवटच्या उदाहरणात मूळ प्रश्न दडलेला आहे : आपण ध्वनी मागत आहोत की लिपीतले चिन्ह? इंग्रजीत अक्षर एका सुट्या वर्णासाठी उभे असते. जपानी काना लिपीत एक चिन्ह म्हणजे एक पूर्ण स्वरयुक्त उच्चार असतो, त्यामुळे तिथे ‘तो’ने सुरू होणारे शब्द असेच विचारतात. चिनी लिपीत आद्याक्षर मागण्याला अर्थच उरत नाही. देवनागरी या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी उभी आहे. ‘क’ म्हटल्यावर की, कु, को, क्र हे सगळे चालते असे शाळेत गेलेला माणूस गृहीत धरतो. शाळेत न गेलेल्या माणसाला ते सांगावे लागते, आणि सांगूनही पुष्कळदा पटत नाही. शब्दातून पहिला वर्ण सुटा करता येणे ही साक्षरतेतून येणारी क्षमता आहे, हे पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांवरच्या १९७९ च्या अभ्यासाने दाखवले. हरियाणातल्या बल्लभगढ परिसरात हिंदी भाषकांवर झालेल्या कामातही शिक्षणाचा परिणाम वर्ग-चाचणीपेक्षा आद्यध्वनीच्या चाचणीवर अधिक दिसला. तात्पर्य हे की, पुरेशी शाळा न झालेल्या गटाला अक्षर-चाचणी देऊन त्यांच्या मेंदूची हालचाल ‘कमी’ ठरवणे चुकीचे आहे.

अक्षरांची पहिली यादी मोठ्या शब्दकोशातील पाने मोजून करता येते, पण कोशात आज कुणी न वापरलेले शब्दही असतात. म्हणून सहा-सात अक्षरे वीसेक लोकांवर वापरून पाहावीत आणि सरासरीने जवळपास सारखे शब्द देणारी तीन ठेवावीत. दुसऱ्या भाषेशी तुलना असेल तर अक्षर सारखे असणे महत्त्वाचे नाही, अवघडपणा सारखा असणे महत्त्वाचे आहे.

तिसरी पायरी : वर्ग निवडणे

‘प्राणी’ हा वर्ग जगभर वापरला जातो आणि वरवर पाहता अगदी निर्धोक वाटतो. पण मराठीत ‘प्राणी आणि पक्षी’ ही जोडी इतकी घट्ट आहे की, पुष्कळ लोक प्राणी म्हटल्यावर चिमणी, कावळा सांगतच नाहीत. मासे आणि किडे तर दूरच. त्यामुळे ‘पक्षी, मासे, किडे, सगळे चालतील’ असे सूचनेतच म्हणावे, नाहीतर मराठी गटाचा आकडा विनाकारण खाली येतो. दुसरा पेच याच्या उलट आहे. गाय, बैल, वासरू, कालवड, गोऱ्हा, खोंड. म्हैस, रेडा, पारडू. शेळी, बोकड, करडू. मेंढी, मेंढा, कोकरू. गोठा पाहिलेला माणूस चार जनावरांत पंधरा शब्द सांगून जातो. शहरातला विद्यार्थी तितक्याच वेळात वाघ, सिंह, जिराफ, झेब्रा असा प्राणिसंग्रहालयात फिरून येतो. नर, मादी आणि पिल्लू यांचे शब्द निराळे असतील तर मोजायचे की नाही, हे आधी ठरवा आणि सर्व गटांना तोच नियम लावा. माझ्या मते मोजावेत, कारण ते खरोखरच निराळे शब्द आहेत, आणि त्यांचे पुंजके, म्हणजे ओळीने आलेले एकमेकांशी जोडलेले शब्द, वेगळे नोंदवून ठेवावेत.

दुसरा वर्ग स्थानिक असावा. किनारपट्टीवर आणि गोव्यात ‘मासे’ हा वर्ग दिला तर बांगडा, तारली, मांदेली, मुडदुशी, सुरमई, बोंबील असे शब्द न थांबता येतात. विदर्भात तोच वर्ग ताण देतो. तिथे पालेभाज्या बऱ्या.

शब्दांची लांबी इथे विसरू नये. व्हिएतनामी, स्पॅनिश आणि आणखी काही भाषा बोलणाऱ्या वृद्धांच्या १९९८ मधल्या तुलनेत व्हिएतनामी भाषकांनी सर्वाधिक प्राणी सांगितले आणि स्पॅनिश भाषकांनी सर्वांत कमी. व्हिएतनामी प्राण्यांची नावे आखूड आहेत आणि स्पॅनिश नावे लांब, हे त्याचे सरळ कारण अभ्यासकांनी दिले. मराठीत ‘गाय’ आणि ‘वटवाघूळ’ यांना एकेकच गुण मिळतो, पण तोंडाला आणि घड्याळाला ते सारखे नाहीत. म्हणून शब्दांच्या संख्येबरोबर उच्चारलेल्या अक्षरांची, म्हणजे स्वरयुक्त उच्चारांची, संख्याही नोंदवावी.

चौथी पायरी : सूचना आणि नियम

सूचना लिहून काढावी आणि प्रत्येकाला तीच वाचून दाखवावी. नमुना असा : ‘मी एक अक्षर सांगेन. त्या अक्षराने सुरू होणारे, तुम्हाला आठवतील तितके शब्द सांगत राहा. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर, सगळे चालेल. माणसांची आणि गावांची नावे नकोत, आकडे नकोत, आणि एकाच शब्दाची रूपे पुन्हा पुन्हा नकोत. म्हणजे घर सांगितल्यावर घरात, घराला, घरटी नको. अडलात तरी थांबू नका, वेळ संपली की मी सांगेन.’ वयस्कर माणसे ही परीक्षा समजून बिचकतात. आजी, आजोबा, काका, काकू असे जे त्या घरात शोभेल ते संबोधन वापरावे आणि चाचणीत न येणाऱ्या अक्षरावर आधी एकदा सराव करून घ्यावा. हो, वरच्या नमुन्यात ‘घरटी’ मी मुद्दाम ठेवले आहे. घरटे हा निराळा शब्द मानायचा की घरचेच रूप, यावर दोन गुण देणाऱ्यांत हमखास वाद होतो, तो प्रयोगाआधीच मिटवावा.

पेन, कप, पेट्रोल, टेबल हे शब्द मराठीत रुळले आहेत, ते मोजावेत. कागद आणि कारखाना फारसीतून आले म्हणून आपण ते वगळत नाही, मग पेनाने काय पाप केले? मात्र इंग्रजी माध्यमात शिकलेला सहभागी ‘क’वर सलग पाच-सहा इंग्रजी शब्द देऊ लागला तर तो भाषा बदलून शोधत आहे, याची वेगळी खूण करावी. दोन भाषांत वाढलेले लोक एकभाषिकांपेक्षा एका भाषेत काहीसे कमी शब्द देतात, विशेषतः वर्ग-चाचणीत, असे अनेकदा आढळले आहे. बेळगाव, गोवा किंवा हैदराबादेतील मराठी माणूस आणि साताऱ्यातील मराठी माणूस यांना एका गटात घालण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

पाचवी पायरी : माणसे

वय, शाळेची वर्षे, शिक्षणाचे माध्यम, घरी आणि कामावर बोलल्या जाणाऱ्या भाषा, ऐकू येणे आणि हाताचा कल, एवढे प्रत्येकाबद्दल हवेच. हाताच्या कलाबाबत जरा थांबतो. म्युन्स्टर येथील गटाने २००० साली शब्दनिर्मितीच्याच वेळी मेंदूकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहाचे मापन करून दाखवले की, ठाम उजव्या माणसांपैकी सुमारे ४ टक्क्यांत भाषेची धुरा उजव्या अर्धगोलाकडे असते, तर ठाम डावखुऱ्यांत हे प्रमाण सुमारे २७ टक्के आहे. आपल्याकडे डावखुऱ्या मुलाला जेवायला आणि लिहायला उजवा हात लावण्याची सक्ती घरोघर झालेली असते. म्हणून ‘कोणत्या हाताने लिहिता’ या प्रश्नावर विसंबू नये. दगड कोणत्या हाताने मारता, केर कोणत्या हाताने काढता, काडेपेटीची काडी कोणत्या हाताने ओढता, लहानपणी हातावर मार बसला होता का, हे विचारावे. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि मराठीत लिहिलेले, वाचून समजावलेले संमतिपत्र ही औपचारिकता नव्हे. आवाज ध्वनिमुद्रित होणार आहे, हेही त्यात असले पाहिजे.

सहावी पायरी : वेळेची आखणी

रक्तप्रवाहावर आधारलेले कोणतेही मापन संथ असते. मेंदूचा एखादा भाग कामाला लागल्यावर तिथले प्राणवायूयुक्त रक्त पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठते आणि पूर्ववत व्हायला आणखी दहा-पंधरा सेकंद लागतात. म्हणून एकेका शब्दाची हालचाल शोधण्याऐवजी सलग टप्पे घ्यावेत.

जपानमध्ये रुळलेली आखणी शिकण्यासारखी आहे. तिथे ३० सेकंद पूर्वटप्पा, ६० सेकंद चाचणी आणि ७० सेकंद उत्तरटप्पा असतो. चाचणीच्या मिनिटात दर २० सेकंदांनी नवे अक्षर देतात (उदाहरणार्थ आधी ‘तो’, मग ‘से’, मग ‘ओ’), म्हणजे शब्द संपून लांब शांतता पसरत नाही. पूर्व आणि उत्तर टप्प्यांत सहभागी गप्प बसत नाही, तर आ, इ, उ, ए, ओ हे स्वर म्हणत राहतो. जीभ आणि जबडा हलण्याचा परिणाम दोन्हीकडे सारखा राहावा आणि वजाबाकीत निघून जावा, हा त्यामागचा विचार आहे. २०१४ पासून तिथे या मापनाला नैराश्याच्या निदानातील साहाय्यक तपासणी म्हणून आरोग्य विम्यातही स्थान आहे.

मराठीत हाच पूर्वटप्पा घ्यावा. क, का, कि, की म्हणायला लावण्याचा मोह टाळावा, कारण त्याने पुढच्या शोधाची वाटच आखून दिली जाते. तशीही पुष्कळ मंडळी मनातल्या मनात बाराखडी चालवूनच शब्द शोधतात : क संपला की का, मग कि. चाचणी झाल्यावर ‘शब्द कसे शोधलेत?’ असे विचारून उत्तर नोंदवा.

सातवी पायरी : मापनाचा दिवस

निअर इन्फ्रारेड पद्धतीत सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश कवटीतून आत सोडतात आणि साधारण तीन सेंटीमीटरवर ठेवलेल्या ग्राहकाने, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाने, परत आलेला प्रकाश मोजतात. तो दोन-एक सेंटीमीटरपलीकडचे काही सांगत नाही, म्हणून खोल भागांबद्दल या टोपीच्या आधारे विधान करू नये. दाट काळे केस प्रकाश गिळतात. आदल्या दिवशी ‘उद्या तेल लावू नका, केस धुऊन या, वेणी घट्ट नको’ असे कळवावे. प्रत्येक ग्राहकाखाली केसांचा भांग बारीक काडीने पाडावा लागतो, आणि लांब केसांच्या बाईंच्या बाबतीत अर्धा तास सहज जातो. लांब केसांचे सहभागी म्हणून वगळू नका, नाहीतर मराठी गट म्हणजे फक्त पुरुष असे होऊन बसेल. कच्च्या संकेतात हृदयाचे ठोके, म्हणजे सेकंदाला एकाच्या आसपास लय, स्पष्ट दिसली तर स्पर्श चांगला आहे. न दिसल्यास पुन्हा भांग पाडा.

एफएमआरआय असेल तर मंगळसूत्र, नथ, करदोटा, जोडवी आणि साडीच्या आतल्या बाजूला लावलेल्या पिना यांची विचारणा एकेक करून करावी. ‘धातूचे काही आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येते आणि बोटातली जोडवी तशीच राहते. स्कॅनरमध्ये मोठ्याने बोलल्याने डोके हलते, म्हणून बरेच जण मनातल्या मनात शब्द सांगायला लावतात. पण मग किती शब्द आले हे कळत नाही, आणि भाषांच्या तुलनेत तर तोच आकडा हवा असतो. स्कॅन मध्येच थांबवून त्या फटीत उत्तर घेण्याची पद्धत अधिक बरी.

आठवी पायरी : गुण देणे

नमुना म्हणून मी रचलेले ‘प’चे एक मिनिट पाहा : पाणी, पेला, पातेले, परात, पळी, पोळपाट, पुणे, पनवेल, पाऊस, पूर, प्रवास, प्रवासी, प्रकाश, प्रगती, प्रयत्न, पाच, पंधरा, पेन, पेन्सिल, पाणी. उच्चारलेले शब्द २०. गावांची नावे दोन, आकडे दोन, एकाच शब्दाचे रूप एक (प्रवासी) आणि पुनरुक्ती एक, असे सहा वजा केले की गुण १४. पण एवढ्यावर थांबलात तर हातातली निम्मी माहिती टाकून दिल्यासारखे होते. ट्रॉयर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सुचवल्याप्रमाणे शब्दांचे पुंजके आणि एका पुंजक्यातून दुसऱ्यात उडी मोजावी, आणि ही मोजणी करताना चुकलेले शब्दही धरावेत. अक्षर-चाचणीत त्यांच्या नियमाने आरंभीच्या ध्वनींच्या साम्याचा पुंजका धरतात, त्यामुळे ‘प्र’चे पाच शब्द लगेच पुंजका ठरतात. पहिले सहा शब्द मात्र त्या नियमात बसत नाहीत, आणि तरी कुणाही मराठी माणसाला तिथे स्वयंपाकघर दिसेल. दोन्ही प्रकार वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवा. मिनिटाचे १५ सेकंदांचे चार भाग पाडून प्रत्येकातली संख्याही लिहा; पहिल्या भागात सर्वाधिक शब्द येतात आणि पुढे ओघ आटतो. हा आटण्याचा वेग आलेखाशेजारी ठेवून पाहावा.

नववी पायरी : आलेख वाचणे

खऱ्या हालचालीत प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन वाढते आणि प्राणवायूरहित थोडे घटते. दोन्ही एकत्र वर गेले तर टाळूच्या कातडीतले रक्त, कानशिलाचा स्नायू किंवा हललेली टोपी यांवर संशय घ्यावा. एका सेंटीमीटरच्या आसपास अंतराचे जादा ग्राहक लावले तर कातडीचा वाटा वेगळा काढता येतो. बोलण्याने श्वासाची लय बदलते आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन संकेत खाली येऊ शकतो, हेही ध्यानात असावे. डावी-उजवी बाजू तोलण्यासाठी डावीतून उजवी वजा करून आलेल्या फरकाला दोन्हींच्या बेरजेने भागतात, उत्तर ०.२ पेक्षा अधिक असेल तर डावीकडे, उणे ०.२ पेक्षा खाली असेल तर उजवीकडे आणि मध्ये असेल तर दोन्हीकडे, असा संकेत आहे.

आता भाषांची तुलना. मराठी गटात डाव्या पुढच्या खंडाची हालचाल इंग्रजी गटापेक्षा जास्त आली, तर पहिला प्रश्न शब्दांच्या संख्येचा असावा. जास्त हालचाल जास्त शब्दांमुळे असू शकते आणि कमी शब्दांसाठी करावी लागलेल्या जास्त धडपडीमुळेही. दोन्ही गटांतून सारखी शब्दसंख्या असलेल्या व्यक्तींच्या जोड्या लावून तुलना पुन्हा करा. मग शिक्षणाची वर्षे आणि उच्चारलेल्या अक्षरांची संख्या हिशेबात घेऊन पाहा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील गटाने २०२२ मध्ये १२ भाषाकुलांतील ४५ भाषांच्या भाषकांचे मेंदू तपासले तेव्हा भाषेचे जाळे सर्वत्र मुख्यतः डाव्या बाजूला, पुढच्या आणि कानशिलाजवळच्या खंडांतच आढळले. ते काम ऐकण्यावर होते, शब्दनिर्मितीवर नव्हे. तरी तुमच्या मराठी गटात काही अगदी निराळे दिसले, तर आधी टोपी, अक्षर आणि सूचना पुन्हा तपासावी. इतके करूनही फरक टिकला, तर तो लिहिताना कोणते अक्षर, कोणता वर्ग, सरासरी किती शब्द आणि किती वर्षांची शाळा हे त्याच वाक्यात लिहावे, आणि ध्वनिमुद्रणांच्या लिखित प्रती जपून ठेवाव्यात, म्हणजे ‘घरटी’वरून वाद घालणाऱ्या दुसऱ्या कुणाला गुण पुन्हा देऊन पाहता येतील.